जाळीवरचा ससा

सशाच्या पायाला गादी नसते. कुत्र्यामांजरांच्या पंजाखाली जाड कातडीचा मऊ उंचवटा असतो, तो सशाला मिळालेला नाही. त्याच्या तळव्याला असतात ते फक्त दाट, राठ केस. गवतावर, भुसभुशीत मातीवर, पाचोळ्यावर धावायला ते पुरतात. तारेच्या जाळीवर जन्म काढायला पुरत नाहीत. तरीही मांसासाठी आणि लोकरीसाठी पाळल्या जाणाऱ्या सशांपैकी फार मोठ्या संख्येचं आयुष्य जाळीवरच जातं. घासून घासून केस झिजतात, कातडी उघडी पडते, तळव्याला जखमा होतात, आणि जड अंगाच्या मादीला त्या जखमांवर उभं राहून वेतामागून वेत काढावं लागतं.

हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला पाळणाऱ्याचा राग येतो. मलाही आला होता. एवढ्याशा मऊ जिवाच्या पायाखाली तार घालताना माणसाला काहीच कसं वाटत नाही, असं वाटलं. पण ससेपालन करणाऱ्या माणसांशी बोलत गेलं की राग तसाच टिकत नाही. त्यांच्यापैकी अनेकांनी आधी ससे जमिनीवरच ठेवलेले असतात. खाली भुसा किंवा पेंढा, समोर लसूणघास, पिल्लं उड्या मारतायत, सगळं दृष्ट लागण्याजोगं. मग एका आठवड्यात, बहुधा पावसाळ्यात, पिल्लांची पोटं फुगतात, हगवण लागते, खाणं सुटतं आणि सकाळी कोपऱ्यात थंडगार पडलेली पिल्लं उचलावी लागतात. त्यानंतर तो माणूस तारेची जाळी विकत आणतो. त्या जाळीत निर्दयपणा शोधू नये. तिच्यात भीती आहे आणि काही प्रमाणात शहाणपणही आहे. तिथे जाळी हेच औषध असतं.

या लेखात मला मांडायचं आहे ते एवढंच: सशाला जाळीवरून खाली उतरवायचं असेल तर केवळ दया पुरणार नाही, लस लागेल. आणि ती लस तयार करण्याची विद्या माणसाकडे तीसहून अधिक वर्षं आहे.

आजाराचं नाव कॉक्सिडिओसिस. कोंबड्या पाळणारे त्याच्या कोंबड्यांमधल्या रूपाला रक्ती हगवण म्हणतात. त्याला कारणीभूत असतो आयमेरिया या गटातला एकपेशीय परजीवी. सशांमध्ये त्याच्या अकरा जाती मानल्या जातात. दहा आतड्यात राहतात, एक यकृताच्या पित्तनलिकांमध्ये. सगळ्या सारख्या घातक नाहीत. काही जातींनी सशाला फारसं काही होत नाही; आयमेरिया इंटेस्टायनॅलिस आणि आयमेरिया फ्लॅव्हेसेन्स या दोन मात्र कोवळ्या पिल्लांचा फडशा पाडतात. यकृतातली जात आयमेरिया स्टिडाय. तिची लागण झालेल्या सशाची कलेजी फुगलेली असते आणि तिच्यावर बाजरीच्या दाण्यापासून वाटाण्यापर्यंतच्या आकाराचे पिवळट पांढरे ठिपके दिसतात.

या यकृतातल्या परजीवीला विज्ञानाच्या इतिहासात एक मान आहे. १६७४ मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी आंतोनी व्हान लेव्हेनहूक या कापडव्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगाखाली सशाचं पित्त पाहिलं. त्यात त्याला अंडाकृती कण दिसले. ते काय होते हे त्याला कळण्याचं कारण नव्हतं. आज अभ्यासक मानतात की ती आयमेरिया स्टिडायची बीजं होती, आणि माणसाने डोळ्यांनी पाहिलेला हा बहुधा पहिलाच एकपेशीय परजीवी. म्हणजे हिवतापाचा परजीवी दिसण्याच्या दोनशे वर्षं आधी आपल्याला सशाचा परजीवी दिसला होता. साडेतीनशे वर्षांची ही ओळख. त्या ओळखीतून सशाच्या वाट्याला आली ती मात्र तार.

जाळी औषध कशी ठरते हे समजायला परजीवीचं जीवनचक्र थोडं पाहावं लागतं. आजारी किंवा वरून धडधाकट दिसणाऱ्या सशाच्या लेंडीतून या परजीवीची सूक्ष्म बीजं बाहेर पडतात. ताजं बीज निरुपद्रवी असतं. त्याला पिकायला हवा, ओल आणि ऊब लागते, आणि बहुतेक जातींना दोन ते चार दिवस लागतात. पिकलेल्या बीजात चार कप्पे, दर कप्प्यात दोन, असे आठ जंतू तयार असतात. ते बीज चाऱ्यातून, पाण्यातून किंवा अंग चाटताना पोटात गेलं की ते आठ जंतू सुटतात, आतड्याच्या पेशींत शिरतात, आत वाढतात, पेशी फोडून बाहेर येतात, पुन्हा नव्या पेशींत शिरतात. अशा काही फेऱ्या झाल्या की नर-मादी रूपं तयार होतात आणि नवी बीजं लेंडीवाटे बाहेर. आत गेलेल्या एका बीजामागे बाहेर येणारी बीजं लाखांत मोजावी लागतात. आतड्याचं अस्तर तोवर चाळणीसारखं झालेलं असतं.

यातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. ससा स्वतःच्या मऊ लेंड्या खातो. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत आंबलेल्या त्या लेंड्यांमधून त्याला प्रथिनं आणि जीवनसत्त्वं मिळतात. त्या तो थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन घेतो. मग त्यातूनच तो सतत आजारी का पडत नाही? कारण त्या क्षणी बीज कच्चं असतं. कच्चं बीज पोटातून तसंच निघून जातं. धोका आहे तो जमिनीवर दोनचार दिवस पडून राहिलेल्या लेंडीत. ससा आणि त्याचा रोग यांच्यात एवढंच काळाचं अंतर आहे. बीज पिकायच्या आत लेंडी खाली पडून गेली तर रोगाला वाट नाही. जाळी नेमकं हेच करते.

म्हणून जाळीला नुसतं क्रूर म्हणणारा माणूस अर्धंच पाहतो. आणि जाळीला नुसतं सोयीचं म्हणणाराही अर्धंच पाहतो. कारण जाळीने चक्र तुटत नाही, ढिलं पडतं. पिल्लं घरट्याच्या पेटीत, आईच्या केसांत आणि भुशात वाढतात. अठरा-वीस दिवसांची झाली की बाहेर येऊन आईच्या खाद्यात तोंड घालतात. आई धडधाकट दिसत असली तरी तिच्या लेंडीतून बीजं जात असतात. तारेला चिकटलेली लेंडी, पाण्याच्या भांड्याखालची ओल, माणसाच्या हाताची घाण, एवढ्यावर परजीवीचं भागतं. बीजाचं कवच असं चिवट की नेहमीच्या जंतुनाशकांना ते दाद देत नाही. उकळती वाफ, ज्वाला किंवा कडक कोरडेपणा त्याला मारतो.

तेव्हा माणसाने जाळीमागे दुसरी भिंत उभारली. तिचं नाव औषधी खाद्य. सशाच्या गोळीखाद्यात रोजच्या रोज परजीवीरोधक औषध मिसळायचं आणि कत्तलीच्या काही दिवस आधी ते थांबवायचं. युरोपात रोबेनिडिन आणि डायक्लाझुरिल ही औषधं त्यासाठी वापरली जातात. या भिंतीने लाखो पिल्लं वाचवली, हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. पण रोज दिलं जाणारं औषध परजीवीला रोज शिकवतही असतं. रोबेनिडिनला न जुमानणारा आयमेरिया मॅग्ना युरोपातल्या फार्मांवर केव्हाच आढळला. शिवाय सशासाठी औषधांचा पर्याय तोकडा आहे. कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास चालणारं नॅरासिन सशाला विष ठरतं. कोंबड्यांचं खाद्य उरलं म्हणून सशापुढे टाकणाऱ्या छोट्या पाळणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

या दोन्ही भिंतींमागे एकच विचार आहे: ससा आणि परजीवी यांची गाठच पडू द्यायची नाही. हा विचार शहाण्यासारखा दिसतो, पण तो पुरा होऊ शकत नाही. जिथे ससे आहेत तिथे आयमेरिया आहे. गाठ पडणारच. ती केव्हा, कितीशी आणि कोणाच्या अटींवर, एवढंच आपल्या हाती आहे. लसीचा विचार इथून सुरू होतो.

मराठीत लस म्हटलं की टोचणी डोळ्यांपुढे येते. आपल्या आज्या ‘देवी काढल्या’ म्हणायच्या आणि दंडावरचा वण दाखवायच्या. पण पोलिओच्या दोन थेंबांनी आपल्याला दुसरीही लस दाखवली: दुबळा केलेला जिवंत विषाणू, तोंडावाटे, रोग ज्या वाटेने येतो त्याच वाटेने. सशाची ही लस त्याच जातकुळीतली आहे. काट्याने काटा काढायचा, पण आधी काट्याचं टोक घासून घ्यायचं.

टोक कसं घासतात, ते शेतकऱ्याला पटकन समजेल. भाताचे हळवे आणि गरवे वाण असतात. हळवं भात लवकर निसवतं, लवकर कापणीला येतं, पण उतारा कमी. गरवं उशिरा येतं आणि भरभरून देतं. शास्त्रज्ञांनी परजीवीचा हळवा वाण काढला. सशाला लागण करायची, लेंडीची रोज तपासणी करायची आणि सर्वांत आधी बाहेर आलेली बीजं तेवढी राखायची. त्यांनी पुढच्या सशाला लागण करायची, पुन्हा सर्वांत आधीची राखायची. आधी पिकलेल्या लोंब्या बियाण्याला ठेवाव्यात तसं हे काम. काही पिढ्यांनी असा परजीवी मिळतो जो घाईघाईने आयुष्य उरकतो. आतड्यातल्या वाढीची एखादी फेरीच गाळतो. त्याचा उतारा घटतो, आतड्याची नासधूस घटते, पण सशाच्या शरीराला त्याची ओळख पटते ती पुरती पटते.

ही युक्ती १९७० च्या दशकात अमेरिकेत टी. के. जेफर्स यांनी कोंबडीच्या आयमेरियावर सिद्ध केली. सशाकडे ती आणली फ्रान्सने. तूर शहराजवळच्या नूझिली इथल्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेत दोमिनिक लिक्वा, पिएर कुदेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास आयमेरिया इंटेस्टायनॅलिसचा हळवा वाण काढला. मूळ जातीला लागण ते बीज या प्रवासाला सुमारे नऊ दिवस लागत; हळव्या वाणाला सहाच. पाठोपाठ आयमेरिया मॅग्नाचाही वाण निघाला. तो घरट्याच्या पेटीत पिल्लांवर फवारून पाहिला गेला: थेंब अंगावर पडतात, पिल्लं अंग चाटतात, लस पोटात जाते. ना सुई, ना प्रत्येक पिल्लू हातात धरायची धावपळ. पुढे चेक प्रजासत्ताकात मिखाल पाकांद्ल यांनी आणखी जातींचे हळवे वाण तयार केले. चीनमध्येही, जिथे जगातलं सर्वांत मोठं ससेपालन चालतं, प्रयोगशाळा या कामाला लागल्या आहेत.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एका जातीची लस दुसऱ्या जातीपासून वाचवत नाही. म्हणून लसीत अनेक जातींचे वाण एकत्र हवेत. हे ऐकून काही जण मान हलवतात: अकरा जाती, अकरा वाण, हे कसं जमायचं? पण कोंबड्यांमध्येही सात जाती मानल्या गेल्या आणि तिथे अनेक वाणांची मिश्र लस निघालीच. कोंबड्यांची पहिली लस तर १९५२ सालीच अमेरिकेच्या बाजारात आली. सशाच्या अकरांपैकी खरा घात करणाऱ्या मोजक्याच आहेत. जे कोंबडीसाठी जमलं ते सशासाठी न जमायला निसर्ग आडवा आलेला नाही.

आडवा आला तो हिशेब. कोंबडी अब्जांनी पाळली जाते. ससा त्या मानाने मूठभर. औषधांच्या नियमनाच्या युरोपीय भाषेत ससा ‘गौण प्रजाती’ या रकान्यात बसतो. जिवंत परजीवीची लस बनवणं खर्चाचं असतं, ती शीतसाखळीत जपावी लागते, गोठवून वर्षानुवर्षं ठेवता येत नाही, मंजुरीची कागदपत्रंही जमवावी लागतात. आणि विकत घेणारा ग्राहक मात्र छोटा, विखुरलेला. युरोपात तर सशाचं मांस खाणारेही कमी होत चालले आहेत. खाद्यात औषध मिसळणं स्वस्त पडतं, पिशवीतच येतं, पाळणाऱ्याला वेगळं काही करावं लागत नाही. अशा बाजारात उत्तम लससुद्धा प्रयोगशाळेच्या शीतकपाटात बसून राहते.

हे फक्त परजीवीच्या बाबतीत घडतं, हेही लक्षात घ्यावं. १९८४ मध्ये चीनमध्ये सशांची रक्तस्रावी साथ उसळली आणि अल्पावधीत जगभर पोचली. तो विषाणू होता. त्याच्यावर लसी आल्या, विकल्या गेल्या, आजही युरोपातला पाळणारा त्या टोचतो. कारण साथीने एका रात्रीत पिंजरे रिकामे होतात आणि रिकामा पिंजरा पैसे मोजायला लावतो. आयमेरिया बहुतेकदा असा घाव घालत नाही. तो वेतातून दोन पिल्लं नेतो, उरलेल्यांची वाढ खुंटवतो, खाल्लेलं अंगी लागू देत नाही. झिजून होणारं नुकसान वहीत मांडलं जात नाही, आणि जे वहीत नाही त्यासाठी कोणी लस मागत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते हलके नाहीत.

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. रोगाचा जंतूच पिल्लांना पाजायचा? मात्रा चुकली तर? हा धोका खरा आहे. म्हणूनच हळवे वाण लागतात आणि मात्रा मोजून द्यावी लागते. पण आज काय चालतं तेही पाहावं. आजही प्रत्येक पिल्लाला आयमेरिया मिळतोच. फक्त तो गरवा असतो, मात्रा ओलीवर आणि नशिबावर असते, आणि वेळ असते ती नेमकी दूध तुटण्याची, म्हणजे पिल्लाचं पोट सर्वांत दुबळं असतं तेव्हाची. यातून जे जगतात त्यांना प्रतिकारशक्ती मिळते. फार्मवरची प्रत्येक धडधाकट मादी अशीच वाचलेली असते. न मोजता जे रोज होतं, ते मोजून करावं, एवढंच लस म्हणते.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा. लस देताना खाद्यात परजीवीरोधक औषध चालत नाही. औषध लसीच्या परजीवीलाच मारतं. म्हणजे दोन्ही डगरींवर पाय ठेवता येत नाही. एकदा औषध सोडलं आणि लस कमी पडली, तर नुकसान सोसणार कोण? हा प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी म्हणणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. त्याचं उत्तर व्याख्यानात नाही, जोखीम वाटून घेण्यात आहे: सरकारी पैदास केंद्रांनी आधी स्वतःच्या कळपावर लस वापरावी, विमा असावा, बिनऔषधी खाद्याची पिशवी हमखास मिळावी.

तिसरा आक्षेप प्राण्यांच्या बाजूने येतो आणि मला तो सर्वांत टोचतो. लस आली तर माणूस आणखी दाटीवाटीने ससे भरेल. दुःखाला दीर्घायुष्य देणारी ही विद्या आहे. यात इतिहासाचा आधार आहे. कोंबड्यांच्या लसींनी आणि औषधांनी कोंबड्यांच्या प्रचंड शेड उभारायला हातभार लावलाच. पण सशाच्या बाबतीत इथे एक वेगळं वळण आहे. सशाचा पिंजरा हीच मुळात परजीवीविरोधी यंत्रणा आहे. परजीवीची भीती काढून टाकल्याशिवाय पिंजरा निघणार नाही. दाटी लसीशिवायही चालूच आहे. जमीन मात्र लसीशिवाय सुरू होत नाही.

युरोपकडे पाहिलं की ही अडचण लख्ख दिसते. पिंजराबंदीसाठी सुमारे चौदा लाख नागरिकांनी सह्या केल्या, आणि २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने २०२३ अखेर कायद्याचा मसुदा आणण्याचं वचन दिलं. २०२३ संपलं तरी मसुदा आला नाही. बेल्जियमने २०१४ च्या आदेशाने मांसासाठीचे ससे टप्प्याटप्प्याने पिंजऱ्यातून मोकळ्या कप्प्यांत न्यायला सुरुवात केली. पण त्या कप्प्यांतही खाली बहुतांशी छिद्रांची प्लास्टिक फरशीच असते. फ्रान्समध्ये सेंद्रिय पद्धतीने गवतावर ससे चारणारे थोडे पाळणारे आहेत. फिरते जाळीखोपे रोज पुढे सरकवत ते परजीवीच्या पुढे दोन पावलं राहण्याचा प्रयत्न करतात, आणि त्यांची सर्वांत मोठी चिंता कॉक्सिडिओसिसचीच असते. लोकांना ससा गवतावर हवा आहे, सशाला तर हवाच आहे. परजीवी मात्र गवतात वाट पाहतो आहे. या कोंडीत प्राणीप्रेमी आणि पशुवैद्य एकमेकांवर डोळे वटारून उभे राहतात. लस या दोघांना एकाच बाजूला आणू शकते.

आणि जमीन व लस यांचं नातं इथेच संपत नाही. कोंबड्यांमध्ये दिसून आलं आहे की तोंडावाटे दिलेल्या या लसीला भुशाची साथ लागते. लसीचा परजीवी बाहेर पडतो, भुशात पिकतो, पुन्हा थोडा पोटात जातो आणि प्रतिकारशक्ती पक्की करतो. जाळीवर ही फेरी तुटते आणि लस असमान बसते. सशांच्या लसीतही तोंडावाटे जाणारा जिवंत परजीवीच असतो. म्हणजे जाळीला लसीची गरज कमी आणि लसीला जाळीची अडचण. लस जमिनीचीच भाषा बोलते.

एक किंमत मात्र झाकून ठेवता येणार नाही. आयमेरियाचं पूर्ण चक्र काचेच्या भांड्यात चालवून बीजं काढता येत नाहीत. लसीची बीजं जिवंत सशाच्या पोटातच वाढवावी लागतात. थोड्या सशांना लागण करून अनेकांना वाचवायचं, हा व्यवहार त्यात आहे. मला तो मान्य आहे, पण तो उघड मान्य केला तरच. ज्या सशांच्या पोटातून लस येते त्यांना तारेवर ठेवून तारेतून सुटकेची लस बनवणं शोभणार नाही.

कोणी म्हणेल, परजीवीवर लस ही कल्पनाच दूरची. तसं नाही. जनावरांच्या जगात ती जुनी आहे. गाईगुरांच्या फुफ्फुसातल्या कृमींवर किरणांनी दुबळ्या केलेल्या अळ्यांची लस ब्रिटनमध्ये १९५९ पासून आहे. मेंढ्यांच्या टोक्सोप्लाझ्मावर न्यूझीलंडमध्ये निघाली. आपल्याकडे संकरित गाई पाळणाऱ्या कोणत्याही गोठ्यात विचारा, गोचीडतापाचं नाव काढलं की चेहरा बदलतो. त्या थायलेरियावर ‘रक्षावॅक-टी’ ही लस भारतातच बनते. आणि माणसाच्या हिवतापावर जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये पहिली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये दुसरी लस शिफारस केली. ती दुसरी, आर-२१, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. हिवतापाचा प्लाझ्मोडियम, गोचीडतापाचा थायलेरिया आणि सशाचा आयमेरिया ही एकाच संघातली भावंडं आहेत. तिघांकडेही पेशीत शिरण्याची मिळतीजुळती हत्यारं आहेत. आफ्रिकेतल्या मुलांना या घराण्यापासून वाचवणारी लस जिथे तयार होते, त्या महाराष्ट्रात ‘परजीवीवर लस होत नाही’ हे वाक्य कोणी बोलू नये.

आपल्याकडचं ससेपालन लहान आहे. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेची केंद्रं, हिमाचलातल्या गरसा इथे अंगोरा आणि तमिळनाडूतल्या मन्नवनूर इथे मांसाचे ससे, या कामात आहेत. व्हाईट जायंट, सोव्हिएत चिंचिला ही नावं आता गावातल्या पोरांच्याही तोंडी असतात. शेतीला जोड म्हणून, थोड्या जागेत, थोड्या भांडवलात होणारा धंदा म्हणून तरुण त्याकडे वळतात. मग आपला पावसाळा येतो. चार महिने हवेत ओल, शेडमध्ये ऊब. परजीवीच्या बीजाला यापेक्षा काय हवं? ज्याने कर्ज काढून दहा माद्या आणल्या त्याला हा हिशेब कोणीच आधी सांगितलेला नसतो. पिल्लं मरू लागली की तो औषधाच्या दुकानात जातो आणि हाताला लागेल ते सल्फा औषध पाण्यात घालतो. दोन पावसाळ्यांनंतर शेडमध्ये रिकामे पिंजरे गंजत असतात.

अशा माणसासाठी लस ही परदेशी चैन ठरवू नये. आपण लहान आहोत म्हणून बाजार आपल्यासाठी लस आणणार नाही, हे खरं. पण म्हणूनच ते काम सार्वजनिक संस्थांचं आहे. आपल्या भागातल्या सशांत कोणत्या जाती किती आढळतात याचा नकाशा पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी करावा; विद्यार्थ्यांच्या प्रबंधांना याहून उपयोगी विषय कमीच असतील. हळवे वाण काढायला फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. सूक्ष्मदर्शक, आयमेरियामुक्त ससे, चिकाटी आणि वर्षानुवर्षं एकच काम नीट करणारी माणसं लागतात. पैदास केंद्रातून पिल्लू बाहेर पडतं ते लस पाजूनच पडावं, म्हणजे प्रत्येक गावात शीतसाखळी न्यावी लागणार नाही. आणि लसीबरोबर अट असावी: ज्या शेडला लस मिळेल तिथे निदान पिल्लांना कोरड्या भुशावर, टणक जमिनीवर वावरायला जागा हवी.

ही अट मी दयेपोटी घालत नाही. माणसाच्या लसींच्या इतिहासात ससा आधीच उभा आहे. पिसाळलेल्या कुत्र्याने चावा घेतलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लुई पाश्चरने १८८५ च्या जुलैत पॅरिसमध्ये दिलेली लस सशांच्या वाळवलेल्या मज्जारज्जूतून आली होती. पुढे कित्येक वर्षं रेबीजची लस प्राण्यांच्या मज्जेतूनच येत राहिली. आपल्या लेकरांना वाचवायला आपण सशाच्या शरीरात रोग वाढवला. आता सशाच्या लेकरांना वाचवण्याची विद्या हाती असताना ‘बाजार छोटा आहे’ हे उत्तर देणं मला अपुरं वाटतं.

सशांच्या लसीचं यश किती पिल्लं जगली यावर मोजलं जाईल, आणि मोजायलाही हवं. पण मला दुसरा आकडाही त्याच्या शेजारी लिहिलेला हवा आहे: किती सशांच्या पायाखालची जाळी निघाली. पहिला आकडा वाढला आणि दुसरा शून्य राहिला, तर आपण फक्त धंदा वाचवला असं म्हणावं लागेल. दोन्ही वाढले, तर गादी नसलेल्या त्या केसाळ पायांना, ज्यासाठी ते घडले, ती माती परत मिळेल.